एमपीथ्री आवाज खात नाही

वैशाखातली शिवजयंती जवळ आली की बेळगावात चित्ररथांची धांदल सुरू होते आणि ग्रुपवर हा मेसेज येतोच: ‘वेव्ह फाइल एमपीथ्री केली की आवाज निम्मा होतो. 320 वरच काढा, नॉर्मलाइज करा. एमपीथ्रीगेन वापरू नका, क्वालिटी मरते.’ सजीव देखाव्याचे संवाद, तुतारी, पोवाडा असे तुकडे दहा ठिकाणांहून गोळा करणारी पोरं हे खरं मानतात.

आवाज निम्मा होतो? नाही. एमपीथ्रीत कानाला एरवी जाणवत नाही तो तपशील गळतो, पातळी हलत नाही. ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ वेव्ह, म्हणजे न दाबलेली फाइल, आणि तिचीच एमपीथ्री एकाखाली एक उघडा. लाटांची उंची जवळपास सारखीच दिसेल. फ्लॅक या काहीच न गाळणाऱ्या फॉरमॅटमध्ये तर तसूभरही फरक पडत नाही.

मग फरक ऐकू येतो तो कुठून? बऱ्याचदा रिप्लेगेनमुळे. 2001 साली सुचवलेल्या या पद्धतीत ‘मला 8 डेसिबल खाली वाजव’ अशी चिठ्ठी टॅग म्हणून फाइलला चिकटवतात. लॅपटॉपवरचा प्लेअर ती वाचतो, ट्रॅक्टरवरचा पेनड्राइव्ह प्लेअर वाचत नाही. कन्व्हर्टरनं वाटेत चिठ्ठी गाळली तर आणखी घोळ. आमच्याच रथावर एकदा महाराज कुजबुजले आणि पाठोपाठच्या तुतारीनं पुढची माणसं दचकली. चूक माझीच, सगळं लॅपटॉपवर ऐकून पास केलं होतं.

डीव्हीडीतून घेतलेल्या संवादांचं दुखणं वेगळं. तिथं बोलणं बहुधा पाच-एक (5.1, म्हणजे सहा चॅनेलच्या) ध्वनीतल्या मधल्या चॅनेलवर असतं. दोन चॅनेलमध्ये दुमडताना ते साधारण 3 डेसिबल उतरतं, आणि आवाज फाटू नये म्हणून कन्व्हर्टर सगळंच आणखी खाली ओढतो. इथंही एमपीथ्री निर्दोष.

320 चं म्हणाल तर तो आकडा सेकंदाला किती डेटा साठवायचा याचा. 128 ची फाइलही तेवढ्याच जोरात वाजते.

नॉर्मलाइजचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. नॉर्मलाइज फक्त लाटेचं सर्वांत उंच टोक बघतं आणि त्यावरून सगळ्या फाइलची पातळी ठरवतं. संवादात हलगीचा एक ठोका आला की टोक आधीच वर, बोलणं तिथंच खाली. त्याऐवजी ऑडॅसिटीतलं ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ घ्या. ते एलयूएफएसमध्ये, म्हणजे कानाला जाणवणाऱ्या जोरात मोजतं. युरोपातल्या प्रसारणासाठी 2010 साली -23 एलयूएफएस ही पातळी ठरली. मिरवणुकीला आम्ही सगळे तुकडे -16 वर, म्हणजे त्याहून जोरात, आणतो. टोकाला एखादा डेसिबल मोकळा सोडा, कारण एमपीथ्री वाजताना टोकं थोडी वर सरकतात.

राहिलं एमपीथ्रीगेन, म्हणजे एमपीथ्रीचा आवाज कमी-जास्त करणारं सॉफ्टवेअर. ते फाइल पुन्हा एन्कोड करतच नाही, म्हणजे नव्यानं दाबत नाही. फाइलच्या प्रत्येक फ्रेममधला, म्हणजे छोट्या तुकड्यातला, गेनचा (आवाजाच्या पातळीचा) आकडा तेवढा बदलतं, 1.5 डेसिबलच्या पायरीनं, आणि तो परत फिरवता येतो. क्वालिटी मरते ती एमपीथ्री उघडून, कापून, पुन्हा एमपीथ्रीच सेव्ह करत राहिल्यानं. कापाकापी वेव्हवर करा, एमपीथ्री एकदाच आणि शेवटी काढा, मग तो पेनड्राइव्ह रथावरच्याच मिक्सरला लावून ऐका.