आधी मूल काट्यावर कसं ठेवलंय ते बघा

आज दुपारी ग्रुपवर आमच्या तालुक्यातल्या एका अंगणवाडीच्या तपासणीचे फोटो आले. टेबलावर रजिस्टरांची चळत, समोर तपासणी पथक, आणि मागे दीडेक वर्षाचं पोर वजनकाट्यावर. पाहुणे येणार म्हणून नटवलेलं: स्वेटर, बूट, सगळं अंगावर. दुसऱ्या फोटोत त्याच पोराला भिंतीशी उभं करून उंची घेतायत. शेरा काय, तर 'कामकाज समाधानकारक'!

दोन वर्षांखालच्या मुलाला उभं करून मोजत नाहीत हो. इन्फंटोमीटरवर, म्हणजे लांबी मोजायच्या आडव्या फळीवर, झोपवतात आणि त्याला दोघीजणी लागतात. एकीने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे हलके दाबून तळवे सरकत्या फळीला सपाट लावायचे. उभं करून मोजलं की माप साधारण 0.7 सेंटिमीटरने कमी भरतं. उंची कमी लिहिली की त्या उंचीला हवं ते वजनही तक्त्यात कमी येतं. वर स्वेटर-बुटांचे दोनतीनशे ग्रॅम. दोन्ही चुका मुलाला आहे त्यापेक्षा बरं दाखवतात. अगदी काठावरचं सॅमचं, म्हणजे तीव्र कुपोषित, मूल अशाने मॅममध्ये, म्हणजे मध्यम कुपोषितांत, जातं. सॅमच्या मुलाला अंगणवाडीतून दिवसाला 800 कॅलरी आणि 20 ते 25 ग्रॅम प्रथिनं द्यायची असतात, बाकीच्यांना 500 आणि 12 ते 15. म्हणजे त्या पोराच्या तोंडचा घास गेला, आणि तोही तपासणी पथकाच्या डोळ्यांदेखत.

राग सेविकेवर नाही. पोषण ट्रॅकर हे नोंदींचं सरकारी ॲप भरायला रेंज शोधत सड्यावर जायचं, सर्वेक्षणं करायची, मदतनीस रजेवर असेल तर खिचडीही शिजवायची. तिला झापून काही सुधारणार नाही. पर्यवेक्षिकेकडेही पंचवीसेक अंगणवाड्या, मधे खाड्या, आणि एसटीच्या मोजक्या फेऱ्या. हे सगळं मान्य. पण मग वर्षातून एकदा गाडी घेऊन येणाऱ्यांनी तरी रजिस्टर मिटून मूल बघावं की नाही?

तपासणी करायचीच तर न कळवता या. सोबत पाच किलोचं प्रमाणित वजन आणा, काटा सपाट, टणक जमिनीवर ठेवून आधी त्याने पडताळा. यादीतली कुठलीही पाच नावं काढा, कमीत कमी कपड्यांत पुन्हा वजन घ्या आणि गेल्या महिन्याच्या नोंदीशी लावून बघा. सहा महिन्यांवरच्या मुलांचा डाव्या दंडाचा घेर खांदा आणि कोपराच्या बरोबर मध्यावर घ्या, 11.5 सेंटिमीटरच्या खाली आला तर ते मूल सॅम, काटा काहीही म्हणो. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबा. दोन्हीकडे खड्डा राहिला तर ती सूज आहे, आणि सुजेचं वजन काट्यावर चांगलंच दिसतं. टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या आहाराची, पाकिटं मोजा, तारखा वाचा, शिजलेलं चाखा.

एवढं झालं की वाडीबाहेर चला. कलमांच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी गुरख्याची पोरं, चिरेखाणीवरच्या कर्नाटकातल्या मजुरांची पोरं हजेरीपटावर आहेत का? आईचं आधार नाही म्हणून परत पाठवतात, हे कोकणात कुणाला ठाऊक नाही? त्यांच्या हातचा आंबा आपल्याला चालतो, त्यांचं पोर आपल्या अंगणवाडीत चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्येच सांगितलंय की ही सेवा सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाची आहे. त्या फोटोतल्या पोराचं चुकीचं का होईना, वजन तरी झालं. यांचं तेवढंही होत नाही.

आणि शेऱ्याचं पुढे काय होतं? बालगृहांसाठी 2015 च्या बाल न्याय कायद्यात चोख लिहिलंय: तीन महिन्यांतून किमान एक भेट, पथकात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी, आठवड्यात अहवाल, महिन्यात कारवाई. तिथेही सगळं वेळेवर होतं असं नाही, हे कबूल. पण निदान बोट ठेवायला तारीख असते. अंगणवाडीच्या प्रत्येक शेऱ्याखाली तशी तारीख हवी: काटा कधी बदलणार, सुटलेली नावं कधी चढणार, आणि जबाबदार कोण.

गावात असाल तर येत्या ग्रामसभेत शेवटच्या तपासणीचा अहवाल मोठ्याने वाचायला सांगा, आणि बागेतली किती पोरं यादीत आहेत तेही तिथेच विचारा.