तो रानपिंगळा नाही, आपला पिंगळाच आहे

आठवडाभर यवतमाळ-वाशिमकडच्या ग्रुपांवर एक फोटो फिरतोय. निंबाच्या फांदीवर बसलेलं लहानसं घुबड, आणि खाली मजकूर: ‘११३ वर्षे नामशेष असलेला रानपिंगळा आपल्या तालुक्यात सापडला! डोक्यावर ठिपके नाहीत, आकाराने मोठा, दिवसाढवळ्या बसलेला. मेळघाटात आहे तर इथेही असणारच. शाळेमागचा निंब. शेअर करा.’ मला तो पाच जणांनी पाठवला, म्हणून ज्याने काढला त्या भावालाच गाठलं. तो म्हणाला, “सर, म्या तं निस्ता पिंगळा म्हून टाकला होता. ‘रान’ कोनं लावलं समोर, मले मालूम नाही.” त्याने मोबाइलमधले मूळ तीन फोटो दिले. पुढचं सगळं त्यांवरून.

आधी ते ११३ वर्षांचं. आकडा खरा आहे, पण तो आजचा नाही. रानपिंगळ्याचा पहिला नमुना, म्हणजे अभ्यासासाठी जतन केलेला मेलेला पक्षी, १८७२ मध्ये मिळाला, पुढच्या वर्षी पक्षीतज्ज्ञ ह्यूमने त्याचं वर्णन केलं, आणि १८८४ नंतर पक्षी कुणाच्या हाती लागला नाही. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट या पक्षी अभ्यासकांना तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला. नंतर मेळघाटातही सापडला. त्याला नामशेष म्हणणं तेव्हाच संपलं.

आता डोकं. सगळा दावा यावरच उभा आहे, म्हणून जरा थांबून बघू. फिरणाऱ्या फोटोत डोकं खरंच सपाट तपकिरी दिसतं. पण तो दहा हातांतून गेलेला फोटो. प्रत्येक वेळी बारकावे थोडे पुसले जातात, आणि त्यात बाराचं ऊन. मूळ फोटो मोठा करून पाहिला तर कपाळावर तिळाएवढे पांढरे ठिपके स्वच्छ मोजता येतात. दुसऱ्या फोटोत पक्ष्याने मान फिरवली आहे. तिथे पाठीवरचे ठिपके ज्वारीच्या दाण्याएवढे आहेत, आणि मानेवर पांढुरका पट्टा. रानपिंगळ्याचं डोकं आणि पाठ जवळजवळ कोरी असते, ठिपके असले तरी पुसट. पिंगळ्याच्या पिल्लांवर आणि पिसं झिजलेल्या पक्ष्यांवरही ठिपके कमी दिसतात, त्यामुळे नुसत्या डोक्यावर कधीच निकाल देऊ नये.

म्हणून छाती पाहायची. रानपिंगळ्याची छाती गडद तपकिरी, जवळजवळ एकसंध, आणि तिच्याखाली पोटाचा मधला भाग निखळ पांढरा. आपल्या फोटोत तपकिरी तुटक खुणा थेट पोटापर्यंत उतरल्या आहेत. हा पिंगळाच. शेपटीवरचे रुंद पांढरे पट्टे ही रानपिंगळ्याची मोठी खूण, पण इथे शेपटी फांदीआड आहे, तेव्हा त्यावर मी बोलत नाही. जंगली पिंगळा ही तिसरी जातही बाद, कारण त्याच्या अंगावर ठिपके नसतात, डोक्यापासून बारीक आडव्या रेषा असतात.

‘आकाराने मोठा’ हे फोटोवरून ठरत नाही. पिंगळा साधारण २१ सेंटीमीटर, रानपिंगळा २३. शेजारी मोजायला काही नसताना हा फरक कुणाला दिसणार? पिसं फुगवून बसला की पिंगळाही गलेलठ्ठ वाटतो.

रानपिंगळा दिवसा शिकार करतो, हे खरं. पण पिंगळाही ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतो आणि आपण खाली थांबलो की मान खालीवर करून टकामका बघतो. वावरात जाणाऱ्या कुणालाही विचारा.

राहिलं मेळघाट. तिथे रानपिंगळा आहे तो सागाच्या विरळ जंगलात. २०१४ मध्ये ठाण्याकडच्या तानसा अभयारण्यात सापडला तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटलं, पण तेही जंगलच. कपाशी-तुरीच्या वावरांमधला गावातला निंब म्हणजे पिंगळ्याचं घर.

‘चुकलं तर चुकलं, कुणाचं काय बिघडतं?’ असं एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, आणि तेच मला सर्वांत जास्त लागलं. माइनर्ट्झहागन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत रानपिंगळा मिळवल्याचा दावा केला होता. तो नमुना संग्रहालयातून चोरलेला, एकोणिसाव्या शतकातला होता आणि त्याला लावलेली ठिकाण-तारखेची चिठ्ठी खोटी होती. त्या एका चिठ्ठीने शोध भलत्याच जागी वळवला. रासमुसेन यांनी ती लबाडी उघड केली, खोटी नोंद बाजूला ठेवली आणि जुन्या खऱ्या ठिकाणांकडे गेल्या, म्हणून पक्षी सापडला. आपल्या फोटोमागे लबाडी नाही, पण चुकीची जागा नोंदीत गेली की परिणाम तोच होतो.

आणि कृपा करून ‘शाळेमागचा निंब’ हे शब्द आजच काढा. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडं पकडली जातात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पिंगळ्यालाही संरक्षण आहे, पण पकडणाऱ्याला पत्ता आपण कशाला द्यायचा?

काल संध्याकाळी त्या भावाने आवाज रेकॉर्ड करून पाठवला. दोन पक्षी एकाच वेळी, भांडल्यासारखे, चिर्र-चिर्र चिवचिव करत. मागे कुणाची तरी म्हैस ओरडतेय. हा कलकलाट पिंगळ्याचा. तिन्ही मूळ फोटो आणि ही क्लिप त्याच ग्रुपांवर टाकली आहे, झाडाचा पत्ता न देता.