धातूवाचून चुंबक नाही, हे खरे नव्हे

नाशिकमधल्या आमच्या बीएस्सीच्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर एक मजकूर फिरतोय: ‘चुंबक धातूचाच असतो. रेणूंचे चुंबक द्रव हीलियमच्या थंडीतच टिकतात. हायड्रोजन बंधासारख्या दुबळ्या ओढीने चुंबकत्व घडवता येत नाही, म्हणून हे संशोधन वाया.’ मी रसायनशास्त्र शिकवते. मुलांनी हे खरे मानू नये, म्हणून लिहितेय.

धातूचाच? १९९१ साली जपानमध्ये निव्वळ कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या एका रेणूचा स्फटिक लोहचुंबकासारखा वागताना दिसला. धातूचा एक अणूही त्यात नव्हता. चुंबकत्वाला लागतो तो जोडी नसलेला इलेक्ट्रॉन, आणि तो या रेणूतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनच्या गटांवर होता.

हा चुंबक ०.६ केल्विनखालीच, म्हणजे साधारण उणे २७२.५ अंश सेल्सिअसखालीच चालतो, हे कबूल. पण ‘सगळेच थंडीतले’ हे चूक. त्याच १९९१ साली व्हॅनेडियम हा धातू आणि टेट्रासायनोएथिलीन हा सेंद्रिय रेणू यांचा चुंबक आला (धातू आहे, पण रेणूंशी जोडलेला), तो खोलीच्या तापमानाला चालतो. १९९५ चा व्हॅनेडियम-क्रोमियमचा प्रशियन ब्लू (एक जुना निळा रंग) वर्गातला पदार्थ ४२ अंश सेल्सिअसपर्यंत चुंबक राहतो; आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हाही तो चुंबकच. २०२० मध्ये क्रोमियम आणि पायरॅझिन या सेंद्रिय रेणूच्या चुंबकाने २४२ अंश सेल्सिअस गाठले.

आता दुबळ्या बंधांचा मुद्दा. इथेच मजकूर सर्वात जास्त चुकतो. ज्या धातूविरहित रेणूबद्दल वर लिहिले, त्याचे स्फटिक एकाहून अधिक प्रकारचे होतात. एका प्रकारात शेजारच्या इलेक्ट्रॉनांच्या फिरक्या (स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनला इवला चुंबक बनवणारा गुण) एकाच दिशेने लागतात. दुसऱ्यात, रेणू तोच असूनही, त्या उलटसुलट लागतात आणि चुंबकत्व एकमेकांना खोडून टाकते. बदलली ती फक्त रचना. दोन रेणूंच्या इलेक्ट्रॉन-कक्षा (इलेक्ट्रॉन जिथे सापडतो त्या जागा) सरळ एकमेकींवर आल्या की फिरक्या विरुद्ध होऊ पाहतात. कक्षा जवळ येऊनही एकमेकींत मिसळल्या नाहीत, तर समांतर होऊ शकतात. म्हणजे कोणता अणू कोणाशेजारी बसतो, यावर सगळे ठरते. आणि ती बैठक ठरवतात हायड्रोजन बंध (एका रेणूतल्या हायड्रोजनला शेजारच्या रेणूची दुबळी ओढ) आणि रेणूंतल्या अणूंच्या सपाट वलयांची एकावर एक रचना. सुप्रामॉलिक्युलर रसायनशास्त्राचे काम नेमके हेच: रेणूला अशी टोके द्यायची की तो शेजारी आपणच निवडेल. हवी तशी रचना दर वेळी मिळत नाही. पण हे घडतच नाही म्हणणे म्हणजे हातातला स्फटिक नाकारणे.

वाया? अंबड-सातपूरच्या कारखान्यांतल्या मोटारीत हे चुंबक बसणार नाहीत, आणि व्हॅनेडियमचा तो चुंबक हवेत खराब होतो. पण १९९६ मध्ये कोबाल्ट-लोहाच्या सायनाइड पदार्थावर कमी तापमानाला लाल प्रकाश टाकला, तर चुंबकत्व वाढले. निळ्या प्रकाशाने ते कमी झाले. नुसत्या लोखंडाला हे जमत नाही.