हॅमरफेस्टला ‘खोक्यांचं गाव’ म्हणणाऱ्या कमेंटला उत्तर

मिलिंदराव, कमेंट चिडून लिहिलीत पण मुद्दे आहेत त्यात, म्हणून सविस्तरच उत्तर देतो. तुमचं म्हणणं असं की मी नॉर्वेच्या उत्तर टोकाकडच्या हॅमरफेस्टचं उगाच कौतुक केलं, गावात जुनं काही नाही, घरं म्हणजे एका साच्यातली खोकी, माणसं घुमी, आणि संस्कृतीच्या नावाखाली रस्त्यात रेनडिअर फिरतात.

जुनं काही नाही हे खरंय, पण का नाही ते बघा ना! १७८९ ला शहराचा दर्जा मिळालेलं गाव आहे ते. १८९० ला मोठी आग लागली, तर पुढच्याच वर्षी यांनी रस्त्यावर विजेचे दिवे लावले, उत्तर युरोपातल्या अगदी पहिल्या काही शहरांत. मग १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने माघार घेताना अख्खा फिनमार्क, म्हणजे हा सगळा उत्तरेकडचा प्रांत, जाळत नेला, मागून येणाऱ्या रशियनांना डोक्यावर छप्पर मिळू नये म्हणून. लोकांना जबरदस्तीने दक्षिणेला हलवलं आणि गाव घर न् घर पेटवलं. वाचलं काय, तर कबरस्तानातलं १९३७ चं एक छोटं चॅपल. बास. आजही उभं आहे, पण पर्यटकांची बोट दोन तास थांबणार, त्यात कबरस्तान कोण बघायला जातंय म्हणा.

आणि ती खोकी. युद्ध संपलं तरी सरकार सांगत होतं की इतक्यात जाऊ नका, तिथे राहायला काही नाही, पण लोक ऐकतील तर शपथ, मिळेल त्या बोटीने परतले, बराकीत राहिले, आणि मग ठरलेल्या नकाशांवर भराभर घरं उठली, लाकडी, दीड मजली, उतरत्या छपरांची. सारखी दिसतात कारण सगळ्यांचं सगळंच एकदम गेलं होतं. या पुनर्बांधणीचं म्युझियमच आहे तिथे. १९६१ चं चर्च बघितलंत का? मासे वाळवायच्या लाकडी मांडवासारखा त्रिकोणी आकार, आणि वेदीमागे चित्राऐवजी रंगीत काचांची भलीमोठी भिंत. मला तर ते कुठल्याही जुन्या दगडी चर्चपेक्षा जास्त आवडतं.

माणसं घुमी? अहो, उत्तरेकडची माणसं बाकी नॉर्वेत तोंडाळ म्हणून बदनाम आहेत, शिव्या आपल्या मालवण्यांसारख्या प्रेमाने घालतात. फक्त ओळख व्हावी लागते, तीही दोन तासांत होत नाही.

रेनडिअरचं उलटं आहे. गाव ज्यावर आहे ते क्वाल्योया बेट म्हणजे सामी लोकांच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, रेनडिअर कळपांची उन्हाळी कुरणं, हिवाळ्यात कळप आतल्या पठारावर जातात. गाव त्या कुरणात पसरलंय, गावाभोवती कुंपण घातलंय तरी रेनडिअर आत घुसतात आणि लोकांच्या बागेतली फुलं खातात. यावर गावात कायम कुरकुर चालू असते. त्यात २००७ पासून शेजारच्या मेल्कोया बेटावर गॅस प्रकल्प आला, त्याच्या टॅक्सवर गावाचा कायापालट झाला, आणि आता त्याला वीज न्यायची लाइन कुरणांतून जाणार म्हणून सामी लोकांचा विरोध. पैसा हवा, कुरणंही हवीत. हे सगळं चालू असलेल्या गावाला संस्कृती नाही कसं म्हणता?

‘जगातलं सगळ्यात उत्तरेचं शहर’ या पाटीवर हसलात ते मात्र पटलं. होनिंग्सवोग आणखी वर आहे आणि १९९६ पासून तेही स्वतःला शहर म्हणवतं, तेव्हापासून दोघांची जुंपलीय.