सांगलीच्या दादांच्या कमेंटला उत्तर: काच लागली आणि कळलंही नाही, त्याबद्दल

दादा, तुमची कमेंट परवा रात्री वाचली, मोबाईल पालथा ठेवला आणि झोपले. सकाळी परत वाचली. पहिल्यांदा राग आला होता, खोटं कशाला बोलू, दुसऱ्यांदा जरा कमी आला, आणि तिसऱ्यांदा चहा पिताना वाचली तेव्हा लक्षात आलं की जी गोष्ट तुम्ही रागाच्या भरात एका ओळीत उरकलीय तीच सगळ्यात खरी आहे. म्हणून तिथंच खाली "धन्यवाद दादा, काळजी घ्या" टाकून सुटायचं नाही असं ठरवलं आणि हे वेगळं लिहितेय. लांबणार आहे.

ज्यांनी कमेंट बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डिसेंबरात मी लिहिलं होतं की पहाटेच्या थंडीत बूट काढून पळायला लागले आणि पायाला आपोआप लय सापडली. ते वाचून दादा (वय ५४, त्यांनीच सांगितलंय) सांगलीच्या आमराईत अनवाणी पाच किलोमीटर पळाले. तळपायात काच घुसली, आणि घुसली हे कधी कळलं, तर घरी येऊन पायपुसण्यावर रक्त दिसल्यावर. दुसऱ्या दिवसापासून पोटऱ्या अशा धरल्या की आठवडाभर जिना उलटा उतरत होते. त्यांचं म्हणणं असं की हे लिहिणं बेजबाबदारपणाचं आहे, "नैसर्गिक लय" हे थोतांड आहे, बिकिलाचं (अनवाणी पळून ऑलिम्पिक मॅरेथॉन जिंकलेला इथिओपियाचा अबेबे बिकिला) नाव घेऊन साध्या माणसांना हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका, आणि शेवटी, "ज्यांना चप्पल मिळत नाही त्यांना विचारा ताई अनवाणीपणाची गंमत."

आधी काचेचं बोलू.

तुम्ही लिहिलंय "लागलं तेव्हा कळलंही नाही". दादा, माझ्या त्या पोस्टमधली चूक या चार शब्दांत आहे, आणि वाईट याचं वाटतं की मला ती माहीत असायला हवी होती. आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. रात्रीची लाईट असली की आप्पा पौष महिन्यातसुद्धा गव्हाला दारं धरायला जायचे, गुडघ्यापर्यंत धोतर खोचून, अनवाणी, कारण चिखलात चप्पल रुतते. पहाटे घरी आले की पाय नुसते लाकडाचे झालेले असायचे आणि ते थेट चुलीपुढं बसायला गेले की आई ओरडायची, आधी पुसा, चोळा, मग शेका, बधिर पायाला आर कळत न्हाई. एकदा ते ऐकलं नव्हतं तर अंगठ्याला फोड आला होता, भाजल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. म्हणजे थंड पायाला काही कळत नाही हे आमच्या घरात चुलीपुढं रोज बोललं जायचं, आणि मी ४३ वर्षांची बाई चक्क "पायाला जमीन बोलते" असलं काहीतरी लिहून मोकळी झाले. जमीन बोलते ओ, पण थंडीत पाय बहिरा असतो, ते कोण सांगणार.

होतं काय, की गारठा लागला की शरीर आतली ऊब वाचवायला हातापायाच्या कातडीकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळून घेतं, आणि गार पडलेल्या नसांमधून संदेश पण मंद जातो. त्यात दव. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगानं उष्णता ओढून नेतं, त्यामुळं दहा डिग्रीचा कोरडा रस्ता वेगळा आणि त्याच दहा डिग्रीतलं ओलं गवत वेगळं. तुम्ही नक्की गवताच्या कडेनं पळाला असणार, मऊ लागतं म्हणून. सगळे तेच करतात. आणि गवतातच काचा, सराटे, कुसळं असतात आणि ती दिसत पण नाहीत.

हिमदंश वगैरे आपल्याकडं होत नाही, तुमच्या कमेंटखाली कुणीतरी तसं लिहिलंय, त्याला शून्याच्या खाली जावं लागतं. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठावर एखाद्या पहाटे दव गोठतं तेवढीच आपली मजल. पण ओल्या गारठ्यात बराच वेळ पाय राहिले तर शून्याच्या वर पण नसांना इजा होते. आणि ज्यांना शुगर आहे त्यांनी तर अनवाणी हा विचारच सोडा, त्यांचा पाय उन्हाळ्यातसुद्धा बहिरा असू शकतो. तुम्हाला शुगर नाही ना? कमेंटमध्ये कळलं नाही म्हणून विचारते, एकदा तपासून घ्या.

आता मी काय लिहिलं नव्हतं ते. मी घरातून अनवाणी निघत नाही. बूट घालून निघते, इथं साताऱ्यात समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट धरते, १५-२० मिनिटं चढ चढला की अंगाला घाम येतो, पायाची बोटं गरम होतात, मग वळून खाली येते, बूट काढते, नाड्या बांधून गळ्यात अडकवते आणि ग्राउंडवर जाऊन कोरड्या मातीवर पळते. लिहिताना मात्र चढ गाळला, बूट गाळले, गळ्यातलं ते ध्यान तर गाळलंच, आणि डायरेक्ट "पहाटेचा गारवा आणि अनवाणी पाय". फोटो चांगला यावा म्हणून माणूस मागची वाळत घातलेली कापडं बाजूला करतो तसं झालं. त्याबद्दल माफी मागते, मनापासून. मूळ पोस्टच्या वरती आज तसं टाकलंय.

पण लय थोतांड आहे म्हणता, तिथं मी भांडणार.

मी बुटात पळायचे तेव्हा मिनिटाला १६० च्या आसपास पावलं पडायची, लांब लांब ढांगा, टाच आधी. आवाज धप्प धप्प. नवरा म्हणायचा तू जिन्यात आलीस की खालच्या मजल्यावर कळतं. बूट काढल्यावर तसं टाच आपटून दहा पावलं पळून बघा, (गरम पायानं, मातीवर), अकरावं पाऊल तुम्ही टाकणारच नाही, कवटीपर्यंत हादरा जातो. मग पाय काय करतो, तर पाऊल आखूड करतो, टाच जरा उशिरा टेकवतो, गुडघा थोडा वाकवून ठेवतो, आणि आखूड झालं की पावलं आपोआप जास्त पडतात. माझी १७५ च्या पुढं गेली. मी काही ठरवलं नव्हतं, मोजलं सुद्धा नंतर. मी याला लय म्हणते. तुम्ही काहीही म्हणा, पण ते कुठून येतं ते बघा, पायाच्या तक्रारीतून येतं. दुखतंय, तिकडं नको, असं पाय सारखं सांगत असतो आणि आपण ऐकत ऐकत एका जागी येऊन थांबतो.

म्हणूनच बहिऱ्या पायाला लय सापडत नाही. तुम्ही गारठलेल्या पायानं पाच किलोमीटर तीच बुटातली लांब ढांग टाकली असणार, कारण थांब म्हणायला कुणी नव्हतंच. तुमची चाल मी बघितली नाही, पण घरी आल्यावर कळलेली काच मला तेच सांगते.

यात मी पुस्तकी पण थोडी झाले होते हे कबूल. २०१० साली हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांचा 'नेचर'मधला पेपर आला, की सवयीनं अनवाणी पळणारे बहुतेक पुढच्या पायावर किंवा सपाट उतरतात आणि त्यांना तो सुरुवातीचा हादरा कमी बसतो, ते मी मागं भक्तिभावानं लिहिलं होतं. पण २०१३ मध्ये केन्यातल्या दासनाच लोकांवरचा अभ्यास आला, जन्मभर अनवाणी असणारी माणसं, आणि त्यांच्यातले बहुतेक आपल्या सोयीच्या वेगानं पळताना टाचेवरच उतरत होते, वेग वाढवला की बदलायचे. म्हणजे एकच "खरी" पद्धत असं काही नाही. तसंच ते १८० पावलांचं. जॅक डॅनियल्स या अमेरिकन कोचनी १९८४ च्या ऑलिम्पिकमध्ये पळणाऱ्यांची पावलं मोजली, बहुतेक सगळे मिनिटाला १८० किंवा वर होते. ते ऑलिम्पिकवाले, रेसच्या वेगात. आता ज्याला बघावं तो मोबाईलवर १८० ची टिकटिक लावून ग्राउंडवर लेफ्टराईट केल्यासारखा पळतोय. त्याला थोतांड म्हणा, मी तुमच्या बाजूनं उभी राहीन.

पोटऱ्यांचं मात्र तुमच्यावर आहे दादा, रागावू नका. पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर! टाच वर राहिली की सगळा भार पोटरीवर आणि टाचेच्या मागच्या शिरेवर येतो, ३० वर्षं टाच उंच असलेल्या बुटात राहिलेली पोटरी ती, तिला काय माहीत. मी पहिल्या दिवशी फक्त २०० मीटर पळाले होते, आणि ते मी लिहिलं होतं, तिसऱ्या परिच्छेदात आहे, परत बघा. बरं पोटरी दुखते तरी, हाड आधी दुखत पण नाही. २०१३ चाच अमेरिकेतला एक अभ्यास आहे, ३६ पळणारे घेतले, त्यातल्या १९ जणांना १० आठवड्यांत हळूहळू पातळ तळाच्या बुटांवर आणलं आणि एमआरआय काढला तर १० जणांच्या पावलाच्या हाडात सूज वाढलेली दिसली. साध्या बुटातल्या १७ मध्ये एक. हे हळूहळू करून. तुम्ही एका सकाळीत केलं. तुमच्या सांगलीत चढ म्हणजे आयर्विन पूल, त्यामुळं सपाटीवर जोर आला असेल, मी समजू शकते. (चेष्टा करतेय, पूल चांगला आहे.)

बिकिलाचं तुमचं बरोबर. १९६० ला रोममध्ये अनवाणी पळून २ तास १५ मिनिटं १६ सेकंदात जागतिक विक्रम केला, पण तेव्हा सप्टेंबर होता, संध्याकाळची वेळ होती, आणि तो अनवाणी सराव केलेला माणूस होता. आणि चार वर्षांनी टोकियोत हाच बिकिला बूट घालून पळाला आणि ३ मिनिटं आणखी कमी केली. हे दुसरं वाक्य अनवाणीवाले कधी लिहीत नाहीत. मी पण लिहिलं नव्हतं.

त्यापेक्षा आपल्या जवळचं सांगते. १९५२ चं हेलसिंकी ऑलिम्पिक आपल्याला ठाऊक ते कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांच्या ब्राँझमुळं. त्याच हेलसिंकीत आपली फुटबॉल टीम युगोस्लाव्हियाकडून १०-१ नं हरली, बरेचजण अनवाणी खेळत होते आणि हवा गार होती. त्यानंतर फेडरेशननं बूट सक्तीचे केले. आणि खाशाबा तरी, तांबड्या मातीत तयार झालेला पैलवान, १९४८ ला लंडनमध्ये मॅटवर उतरला तेव्हा सहावा आला, मग मॅटची सवय केली आणि पुढच्या खेपेला पदक आणलं. मातीतला पाय मोठाच, पण समोर काय आहे ते त्यालाही शिकावं लागलं. डिसेंबरात हे आठवलं असतं तर पोस्ट वेगळी झाली असती.

राहिलं तुमचं शेवटचं वाक्य. त्याला माझ्याकडं उत्तर नाही. परवा फोनवर आप्पांना वाचून दाखवलं. ते हसले. म्हणाले, "बरोबर बोलला की माणूस." आप्पांच्या टाचांना अजून भेगा आहेत, आई कोकमतेल गरम करून भरायची त्यात, मेण घालून, आणि त्यांनी पहिल्यांदा गमबूट घेतले त्या दिवशी ते घरभर घालून फिरले होते, आम्ही पोरं मागं मागं. मी कपाटात सात हजाराचे बूट ठेवून अनवाणी पळते तेव्हा ग्राउंडवर झाडायला येणाऱ्या मावशी विचारतात, चप्पल तुटली का गं बाई, आणि मी "नाही ओ, असंच" म्हणते. त्या "असंच" मध्ये काय काय आहे ते मला पण नीट सांगता येत नाही. पळणं सोडणार नाही. पण "अनवाणीपणाचा आनंद" हे मथळ्यातले शब्द काल काढून टाकले.

काच पूर्ण निघाली ना? दाबलं की अजून टोचत असेल तर घरी सुईनं कोरत बसू नका, बिब्बा वगैरे तर अजिबात नको, डॉक्टरकडं जा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं नसेल तर त्याचं विचारा. पोटरी मोकळी झाली की आधी नुसतं चाला, बूट घालूनच. आणि होळीनंतर, माती गरम व्हायला लागली की, एखाद्या रविवारी सातारला या. २०० मीटर. मी बरोबर पळते, मावशींना पण दोघं दिसू देत.