दोष पावसाचा नाही

बेळगावहून दर पावसाळ्यात एकच सूर ऐकू येतो. घरी खत करणं तुमच्या जर्मनीत ठीक, आमच्याकडे जूनपासून पावसाची झड, डब्याला वास सुटतो, अळ्या पडतात. आणि घंटागाडीत शेवटी सगळं एकत्रच होतं, मग वेगळं ठेवायचं कशाला?

खरं तर उलट आहे. इथे जर्मनीत जानेवारीत ओल्या कचऱ्याच्या तपकिरी डब्यातला कचरा गोठून तळाला चिकटतो, गाडीने उलटा केला तरी निघत नाही. बेळगावात बारा महिने ऊब असते, कुजायला आणखी काय हवं? इथे 2015 पासून ओला कचरा वेगळा गोळा करणं कायद्यानेच आलं, पण साली डब्यात टाकल्या की आपलं काम संपलं, खत दुसराच कुणी करतो. (त्या डब्यातही प्लास्टिकच्या पिशव्या निघतात. हे गावी सांगायची पद्धत नाही.) भारतातही 2016 च्या नियमांनी वेगळा कचरा देणं घरावर आलंच.

वास सुटतो तो हवा कोंडल्याने. रंगाची 20 लिटरची रिकामी बादली घ्या, बुडाला आणि बाजूंना बोटभर भोकं पाडा, दोन विटांवर ठेवा, खाली ताटली. तळाला चार बोटं सुका पाला. मग रोज एक वाटी बारीक चिरलेला ओला कचरा आणि त्यावर दोन वाट्या सुकं: पाला, उसाचं पाचट, लाकडाचा भुसा. मूठभर घेऊन दाबलं की एखाददुसरा थेंब यावा. धार लागली तर सुकं वाढवा, मुंग्या लागल्या तर पाणी शिंपडा, अमोनियासारखा झणका आला तर पाला कमी पडलाय. आठवड्यातून दोनदा ढवळा. आमटी, मटण, तेलकट उरलेलं घालू नका. अळ्या बहुधा त्यावरच येतात.

म्हणजे अडतं ते पाल्यापाशी. फेब्रुवारी-मार्चमध्ये बेळगावच्या टिळकवाडीत ढिगाने गळतो आणि तिथेच जाळतात. जूनमध्ये मग सुकं आणायचं कुठून? दोन पोती भरून पत्र्याखाली ठेवली तर पावसाळा निघतो.

‘तिथे बसून सांगायला काय जातं?’ काहीच नाही. इथल्या तिसऱ्या मजल्यावर ना परस, ना उकिरडा. म्हणूनच त्या जळत्या ढिगांचा राग जास्त येतो.

अडीच-तीन महिन्यांनी मातीचा वास आला की चाळा. एक भाग खताला तीन भाग माती. चाळणीवर राहिलेल्या कोयी आणि काटक्या पुढच्या बादलीत घाला.