बसून जेवायचंय, परवडेल असं

गेल्या महिन्यात आईला घेऊन एका मोठ्या शहरात जावं लागलं. कोणतं शहर ते सोडा, कारण मोठ्या शहरांचे मध्यभाग आता एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात. सकाळी एका कार्यालयात कागदांचं काम होतं. अकराला संपेल म्हणाले होते, दीड वाजला. बाहेर आलो तोवर आईचे गुडघे बोलायला लागले होते. "कुठेतरी बसू या गं. खायला काहीही चालेल, पण टेकायला मिळू दे."

मी म्हटलं, त्यात काय! भर शहर आहे, पावलापावलावर हॉटेल आहे. दहा मिनिटांत सापडेल.

पन्नास मिनिटं लागली.

हॉटेलं नव्हती असं नाही, रग्गड होती. पण दोनच जातींची. एक म्हणजे काउंटर: पैसे द्या, पुडकं घ्या, चालू पडा. दुसरी म्हणजे टेबलावर पांढरं कापड, उपडा ग्लास, आणि दारातला माणूस आधी आपल्या चपलांकडे आणि मग चेहऱ्याकडे बघणार. मधलं काही नाही. अशाच एका दाराबाहेर मेन्यू काचेत लावला होता. पदार्थांची नावं आणि पुढे नुसते आकडे, चलनाची खूण कुठेच नाही. आईने चष्मा वर सरकवून वाचलं आणि मला विचारलं, "हे टेबल नंबर आहेत का?"

मी हसले. पण ती खूण विसरून राहिलेली नसते. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली हे एका रेस्टॉरंटमध्ये करून पाहिलं होतं. ज्यांना नुसते आकडे छापलेला मेन्यू दिला, त्यांनी चलनाचं चिन्ह किंवा शब्द छापलेला मेन्यू मिळालेल्यांपेक्षा जास्त खर्च केला. पैशाची आठवणच करून दिली नाही की हात सैल सुटतो. आईचा हात मात्र सुटला नाही. ते आकडे पैशांचेच आहेत हे कळल्यावर ती एकही शब्द न बोलता पुढे चालायला लागली, गुडघ्यांसकट.

मग मी फोन काढला, नकाशा उघडला आणि स्वस्ताईची चाळणी लावली. सहा ठिकाणं आली. चार नुसते काउंटर निघाले. पाचवं बंद होतं, पण फोनच्या मते सुरू. सहाव्यात बसायची सोय म्हणजे भिंतीकडे तोंड केलेली दोन उंच स्टुलं. आई त्यांच्याकडे बघून म्हणाली, "यावर मी चढेन गं एकवेळ. उतरवणार कोण?"

आता माझा मुद्दा. हे मी दोघा-तिघांना सांगितलं, तर उत्तर तयार होतं: "अगं, स्वस्त खायला मिळतं की! गाडीवर घ्यायचं, पटकन खायचं." मिळतं, मान्य. चवीलाही पुष्कळदा छान असतं आणि मी स्वतः उभ्याने भरपूर खाल्लं आहे. पण स्वस्त खाणं आणि स्वस्तात बसून खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण पहिलीचं उत्तर दुसरीला देत राहतो. कडेवर सहा महिन्यांचं मूल असलेल्या बाईने एका हातात पुडकं धरून कसं खायचं? सकाळपासून उभ्यानेच काम केलेल्या सुरक्षारक्षकाने जेवायच्या सुट्टीतही उभंच राहायचं का? मुलाखतीला आलेल्या पोराने एकुलत्या एका पांढऱ्या शर्टावर रस्सा सांडण्याची जोखीम का घ्यायची? आणि ज्याला नुसतं पंधरा मिनिटं कोणीही "पुढे चला" म्हणू नये असं वाटतं, त्याचं काय?

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ वीसेक वर्षं रेस्टॉरंट चालवत होते. त्यांच्याकडे एकदा हीच तक्रार केली. ते हसून म्हणाले, "तुम्हाला वाटतं मी जेवण विकतो. मी खुर्ची भाड्याने देतो हो, तासावर. जेवण त्या भाड्याची पावती." त्यांचा हिशेब असा होता. ताटातल्या जिनसांचा खर्च किमतीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या आसपास ठेवायचा, हा धंद्यातला जुना ठोकताळा. उरलेल्यात पगार, वीज, गॅस, फुटलेल्या बश्या, कर आणि जागेचं भाडं. स्वयंपाकघर गावाबाहेर असो की भर चौकात, कांदा फार वेगळ्या भावाने मिळत नाही. जागेचं भाडं मात्र चौकात आलं की अंगावर येतं. ते भाडं खुर्च्यांवर वाटायचं. दुपारच्या वेळात एका खुर्चीवर तिघे बसून उठले, तर तिघांत वाटलं जातं. एकच जण दीड तास बसला, तर त्या एकट्याकडून काढावं लागतं. म्हणजे स्वस्त जेवण द्यायचं तर लोक लवकर उठले पाहिजेत, आणि लोकांना बसू द्यायचं तर जेवण महाग झालं पाहिजे. चौकातलं हॉटेल या कात्रीत सापडलेलं असतं. मालक दरवेळी लुटारूच असतो असं नाही. (काही असतात. आकड्यांपुढची खूण काढून टाकणारे मला जरा तसलेच वाटतात.)

या हिशेबाला शास्त्राचं रूपही आलं आहे. कॉर्नेलच्याच शेरिल काइम्स यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी विमान कंपन्यांची विचारपद्धती रेस्टॉरंटला लावली: दर ताटामागे किती मिळाले हे बघू नका, दर खुर्चीमागे दर तासाला किती मिळाले ते बघा. हे कळल्यावर मला हॉटेलातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. घास तोंडात असतानाच ताटली उचलणारा वेटर. टेकलं की पाठ दुखेल अशी खुर्ची. मागितल्याशिवाय आलेलं बिल. यांतलं सगळंच काही चुकून झालेलं नसतं.

गंमत अशी, की बसणं हाच तर रेस्टॉरंटचा मूळ शोध. 'रेस्टॉरंट' हा शब्द जागेसाठी रुळला तो अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये, आधी तो जागेचं नाव नव्हताच. अशक्त माणसाला ताकद यावी म्हणून दिलं जाणारं कढण, त्याचं ते नाव. त्याआधी बाहेर जेवायचं म्हणजे सराईतल्या सामाईक टेबलावर, ठरलेल्या वेळेला, समोर येईल ते. १७८० च्या दशकापर्यंत पॅरिसमधल्या नव्या जागांनी ते बदललं: आपलं वेगळं टेबल, आपल्याला हवी ती वेळ, आणि किमती लिहिलेलं कार्ड. थकलेल्या माणसाला बसवून काहीतरी गरम द्यायचं, इथून हा धंदा निघाला. आणि आज थकलेल्या माणसालाच त्यात जागा नाही.

ती परवडणारी करायचा प्रयत्न कोणी केलाच नाही असंही नाही. १८५० च्या दशकात पॅरिसमध्येच द्युवाल नावाच्या एका खाटकाने कष्टकऱ्यांसाठी साध्या, गरम जेवणाची जागा काढली. मोजके पदार्थ, ठरलेली किंमत, स्वच्छ टेबल, आणि उलाढाल प्रचंड. पुढे शहरभर तशा जागा झाल्या. १९०२ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात हॉर्न अँड हार्डार्ट या कंपनीने वेटरच काढून टाकला: भिंतीत काचेचे कप्पे, नाणं टाका, दार उघडा, ताटली घ्या. पण खुर्च्या काढल्या नाहीत, हे मला विशेष वाटतं. त्यांची न्यूयॉर्कमधली शेवटची जागा १९९१ साली बंद झाली. आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये तर सरकारनेच लोकांना बसवून जेवू घातलं. आधी त्या जागांचं नाव 'सामुदायिक भोजन केंद्र' अशा थाटाचं होतं. ते रुक्ष वाटलं म्हणून चर्चिल यांनी 'ब्रिटिश रेस्टॉरंट' करायला लावलं. १९४३ पर्यंत अशा दोन हजारांहून जास्त जागा होत्या. बाँब पडत असताना जमलं होतं, एवढंच म्हणते.

असो. सरकार आज काढणार नाही आणि चौकातलं भाडंही उतरणार नाही. मग शोधायचं कसं? मी बरीच वर्षं कामानिमित्त शहरं फिरते आहे. त्यातून एकच गोष्ट शिकले: स्वस्त जेवण शोधू नका, स्वस्त खुर्ची शोधा. चौकातल्या तळमजल्यावरची खुर्ची सगळ्यात महाग. तीच खुर्ची पहिल्या मजल्यावर गेली की भाडं उतरतं, तळघरात गेली की उतरतं, गल्लीच्या तोंडापासून आत चाळीस पावलं गेली तरी उतरतं. म्हणून चालताना मी समोर बघत नाही, वर बघते. जिन्याशेजारी लावलेली छोटी, जरा मळकी पाटी ही माझ्यासाठी शुभवार्ता असते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आत कोण बसलंय. ज्या हॉटेलला रोज नवं गिऱ्हाईक मिळतं, त्याला जुन्याची फिकीर नसते. स्थानकासमोर, प्रसिद्ध इमारतीसमोर, फोटो काढायच्या जागेसमोर म्हणूनच फसायला होतं. तिथे येणारा माणूस तसाही परत येणार नसतो. पण न्यायालय, सरकारी कचेऱ्या, विद्यापीठ, मोठं रुग्णालय, छापखान्यांची गल्ली इथे तीच माणसं रोज जेवतात. रोज येणाऱ्याला रोज लुटता येत नाही. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली चार माणसं मेन्यू न बघता ऑर्डर देताना दिसली, की मी डोळे मिटून आत शिरते. वेटर त्यांना नावाने हाक मारत असेल तर मग विचारायलाच नको.

वेळेचंही तसंच. रात्री जे हॉटेल परवडत नाही, ते पुष्कळदा दुपारी परवडतं. रिकामी खुर्ची कोणालाच नको असते, म्हणून दुपारचा वेगळा, आटोपशीर मेन्यू असतो. तो बाहेर लावलेला नसला तरी विचारावा. आणि दीडऐवजी अडीचला जावं. गर्दी ओसरलेली असते आणि कोणी उठवत नाही.

फोनवरच्या ताऱ्यांवर मी फारशी विसंबत नाही. पाच तारेवाले खुशीत असतात, एक तारावाले रागात. तीन तारेवाल्यांचं वाचावं: "जेवण ठीक, जागा जुनी, पंखा आवाज करतो." अशी जागा मला हवीच असते. लोकांनी टाकलेले मेन्यूचे फोटो बघावेत, पण तारीख बघून. तीन वर्षांपूर्वीच्या किमतीवर भरवसा ठेवून मी एकदा चांगलीच आपटले आहे. निवडक हॉटेलांना स्वतःचे तारे देणाऱ्या मिशलिनच्या मार्गदर्शिकेत नुसते त्या ताऱ्यांचेच थाट असतात असं मला वाटायचं. पण त्यांनी १९९७ पासून 'बिब गुरमाँ' म्हणून वेगळी खूण ठेवली आहे, वाजवी दरात चांगलं जेवण देणाऱ्यांसाठी. त्यांची 'वाजवी'ची व्याख्या आईला पटेल असं नाही, पण पाहुण्यांना घेऊन जायचं असेल तर ती यादी कामाची.

बसण्याआधी एक प्रश्न मात्र न लाजता विचारायचा: वरून काय लागेल? सेवाशुल्क, कर, नुसतं टेबलावर बसल्याचे पैसे, न मागता उघडलेली पाण्याची बाटली. विचारल्यावर वेटर चिडला तर उठावं. चिडला नाही तर तिथेच जेवावं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं माहीत होतं तर पन्नास मिनिटं का लागली? कारण माझं सगळं शहाणपण जिन्यावर येऊन थांबतं. स्वस्त खुर्ची पहिल्या मजल्यावर असते आणि ती सगळ्यात जास्त ज्याला हवी त्याचे गुडघे तळमजल्यावर असतात. त्या दिवशी मला वर जाणाऱ्या तीन पाट्या दिसल्या होत्या. तिन्ही वेळा आईकडे बघून मी काही न बोलता पुढे गेले. चौथी तिनेच पाहिली. "तिथे वर काहीतरी आहे बघ."

"जिना आहे, आई."

"दिसतोय मला."

अठरा पायऱ्या होत्या. ती कठडा धरून एकेक पायरी चढली, मध्ये दोनदा थांबली. वरून उतरणारी दोन पोरं भिंतीला चिकटून उभी राहिली. वर गेल्यावर कळलं, मोठी साधी खोली, आवाज करणारा पंखा, पुस्तकात डोकं घातलेला एक विद्यार्थी, आणि आपसात बोलत बसलेली तीन माणसं, ज्यांच्या गळ्यात सकाळच्या त्याच कार्यालयाची ओळखपत्रं होती. मेन्यू एका पानाचा. आईने तो उजेडात धरून वाचला, मान हलवली, आणि टेबलाखाली चपला काढल्या.

जेवण ठीक होतं. तीन तारे.

जेवून झाल्यावर मी सवयीने पर्स उघडायला लागले, तर तिने हात धरला. "एवढ्या पायऱ्या चढल्येय मी. आता लगेच उठायचं नाही हं." मग बसलो. तिने मामाच्या लग्नातली एक गोष्ट सांगितली, जी मी या वयापर्यंत ऐकली नव्हती. पावणेचार वाजता मालक स्वतः बाहेर आले, आमच्याकडे एकदा बघितलं, आणि फरशी पुसायची म्हणून एकेक खुर्ची उपडी करून टेबलांवर ठेवायला लागले. सगळ्या ठेवल्या, आमच्या टेबलाच्या सोडून.